मठार आळीचा रस्ता

शहरातले बाकीचे सगळे रस्ते जिवंत झाले, मठार आळीचा तेवढा मेलेलाच राहिला. तसा तो आधीही कधी ठणठणीत नव्हता. मारुतीच्या देवळापासून धान्यबाजारापर्यंत जाणारी अरुंद गल्ली, दोन्ही अंगांना तांबटांची दुकानं, दुकानांवर घरं आणि मधोमध रस्ता नावाची एक समजूत. खड्डे इतके जुने की त्यांना नावं पडली होती. देवळासमोरचा 'मोठा', गिरणीपाशी 'जोडगोळी', आणि नंदूकाकांच्या दारातला तो 'साहेब', कारण रस्त्याची पाहणी करायला आलेले एक साहेब पाहणी करता करताच त्यात गुडघाभर गेले होते.

तांब्याच्या भांड्यावर हातोड्याने एकसारखे ठोके देऊन त्याला कणखरपणा आणि चमक आणतात, त्याला मठारणं म्हणतात. आळीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच चाले. पाहुण्यांचं डोकं उठायचं. आळीतल्या माणसाला मात्र आवाज थांबला की चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं, आणि कोण गेलं म्हणून तो बाहेर डोकावायचा, कारण आळीत कुणी गेलं तरच सगळे हातोडे एकदम थांबत.

आता जित्या रस्त्याविषयी थोडं सांगायला हवं. एका जातीचे जिवाणू असतात, ते कोरड्यात मेल्यासारखे झोपून राहतात. अंगाभोवती कवच करून घेतात आणि वर्षानुवर्षं काही खात नाहीत, पीत नाहीत. त्यांचे हे झोपलेले बीजाणू आणि त्यांचं खाद्य रस्त्याच्या थरात मिसळायचं. रस्त्याला भेग पडली की तिच्यातून पाणी आत शिरतं. पाणी लागलं की बीजाणू जागे होतात, खातात, वाढतात आणि खाता खाता चुनखडी तयार करतात. त्या चुनखडीनं भेग बुजते, पाणी बंद होतं, जिवाणू पुन्हा झोपतात. म्हणजे ज्या पाण्यानं आजवर आपले रस्ते वाहून नेले, तेच पाणी आता रस्ते दुरुस्त करू लागलं. शास्त्रज्ञांनी या मिश्रणाला लांबलचक नाव दिलं होतं. लोकांनी त्याला 'विरजण' म्हटलं आणि रस्त्याला 'जिता रस्ता'.

अट एकच होती. विरजण लावल्यावर सुरुवातीचा दीड महिना त्याला रोज पाणी द्यावं लागे, म्हणजे जिवाणू थरभर पसरत. एकदा पसरले की पिढ्यान्‌पिढ्या बघायला नको.

बघायला नकोच, म्हणून बघणारेही राहिले नाहीत. डांबराचे कारखाने बंद पडले, शेवटचा रोडरोलर भंगारात गेला, खड्ड्यांवर घरं बांधणाऱ्या कंत्राटदारांनी दुसरे धंदे शोधले. जित्या रस्त्यात बारीक तंतू असत. थर किती ओला, किती धड, हे ते सतत सांगत राहत, आणि बिनड्रायव्हरच्या गाड्या ते ऐकून चालत. जो रस्ता उत्तर देत नाही त्यावर गाडी चढतच नसे. मग तुम्ही त्यावर राडारोडा टाका की गालिचा अंथरा, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मठार आळी उत्तर देत नव्हती. योजना आली तेव्हाच तज्ज्ञांनी नकाशावर तिच्यावर फुली मारली होती. तांबं जिवाणूंना मारतं हे शाळेतलं पोरही सांगेल, आणि इथे तर गटारातसुद्धा तांब्याचा कीस. तेव्हापासून गॅसवाला, कुरिअर, कचऱ्याची गाडी, सगळे देवळापाशी थांबायचे. आळीनं तेही अंगवळणी पाडून घेतलं. अंगवळणी पडलं नाही ते फक्त नंदूकाकांचं डायलिसिस.

*

नंदकुमार पोटफोडे हे आळीतले सगळ्यात जुने कारागीर. जन्मभर ठोके ऐकून दोन्ही कान गेलेले, आणि आता दोन्ही मूत्रपिंडंही गेली होती. एक दिवसाआड त्यांना न्यायला गाडी येई आणि देवळापाशी उभी राही. मग त्यांना लाकडी खुर्चीत बसवून चौघे जण उचलायचे. मागे रंजनाकाकू छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन.

"डावीकडनं घ्या, डावीकडनं! साहेबाकडं नका जाऊ!" काकू ओरडायच्या.

"काय म्हणतीय ती?" काका विचारायचे.

त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओठ हलवावे लागत किंवा तळहातावर बोटानं लिहावं लागे. खुर्चीवरच्या माणसाच्या समोर कोण उभं राहणार? त्यामुळे काका खुर्चीतून जाताना नुसते हसत. एकदा जोडगोळीपाशी एकाचा पाय मुरगळला आणि खुर्ची कलंडली. काकांच्या हातातली रक्ताची नळी जोडायची जागा फुटली आणि भर रस्त्यात रक्ताचं थारोळं झालं. त्या दिवशी गाडी पाच मिनिटं वाट पाहून निघून गेली. तिचाही दोष नव्हता. तिला पाच मिनिटंच सांगितली होती.

काकूंनी त्या रात्री काही केलं नाही. सकाळी मात्र त्यांनी स्वरालीला फोन केला.

"स्वरे, तू रस्त्याचीच डॉक्टर ना गं?"

"रस्त्याची नाही काकू, रस्त्यातल्या जिवाणूंची."

"तेच ते. मग आमच्या रस्त्यानं काय पाप केलंय?"

स्वराली वडके ही आळीचीच मुलगी. तिचे आईवडील शहराबाहेर फ्लॅटमध्ये राहायला गेले, तोवर ती समोरच्या घरातून उठून नंदूकाकांच्या दुकानात अभ्यासाला बसायची. ठोक्यांशिवाय तिला गणित सुटत नसे. ती शास्त्र शाखेला गेली तेव्हा काकांनी तिला स्वतः मठारलेला एक छोटा तांब्या दिला होता. तो फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेला होता, आणि त्यात आता पेनं होती. पिण्याचं पाणी यंत्रातून गाळून यायचं.

*

तिच्या वरिष्ठ डॉ. फरीदा मुजावर स्पष्टवक्त्या होत्या. त्यांनी अर्धं ऐकूनच हात वर केला.

"स्वराली, तांब्याच्या गल्लीत जिवाणू सोडणं म्हणजे मांजराच्या दारात उंदराचं पिल्लू सोडणं. माया करायची तर लांबून कर."

"मॅडम, तिथला कीस कोरडा आहे. धातूचा कण पाण्यात सहज विरघळत नाही. जिवाणूला मारतं ते विरघळलेलं तांबं. किसाला टिकेल असा वाण आपण तयार करू शकतो."

"आणि विरघळलेल्याला?"

"त्याला नाही टिकणार. पण ते येणार कुठून? कारागीर तेजाबाचं काम आता गावाबाहेरच करतात."

तिनं वर्षभर ते केलं. आळीतली माती आणली, त्यात जिवाणू वाढवले, मेले ते टाकले, जगले त्यांना पुन्हा त्याच मातीत घातलं. कळशी मठारावी तसं एकेक ठोका देत तिनं तो वाण कणखर केला. शेवटी मातीच्या कुंडीतली भेग तिच्या डोळ्यांदेखत आठवड्यात बुजली, तेव्हा ती प्रयोगशाळेत एकटीच नाचली.

मुजावरमॅडमनी कुंडीवर नख ओढून पाहिलं. "एक संधी देते. पण नियम ठाऊक आहे ना? लोकांच्या चुकीनं विरजण मेलं, तर त्या रस्त्याला पुन्हा नाही. बाकी शहर रांगेत उभं आहे."

*

विरजण लावलं तो दिवस आळीनं सणासारखा केला. खड्डे साफ झाले, करडा ओला थर देवळापासून बाजारापर्यंत पसरला. काकूंनी साहेब खड्ड्याच्या जागी हळदकुंकू वाहिलं. "मेल्या, लई छळलंस," असंही वर म्हणाल्या.

स्वरालीनं सगळ्यांना देवळासमोर गोळा केलं आणि सूचना सांगितल्या. शहरभर प्रत्येक वस्तीत सांगत त्याच. "रोज सकाळी पाणी घालायचं. बोअरचं नको, त्यात क्षार असतात. नळाचं थेट नको, त्यात क्लोरीन असतो, त्यानं जिवाणू मरतील. नळाचं पाणी रात्रभर भरून ठेवा, क्लोरीन उडून जाईल. सकाळी तेच स्वच्छ पाणी घाला."

"रात्रीचं पाणी," काकूंनी मान डोलावली. "बायांनो, ऐकलं ना? जिवाला घालायचंय, हयगय नको."

"आणि हातोडे?" कुणीतरी विचारलं. "थांबवायचे का?"

"मुळीच नाही," स्वराली अभिमानानं म्हणाली. "हा रस्ता आपल्या आळीसाठीच केलाय. खुशाल ठोका."

नंदूकाका खुर्चीत बसून तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांना तेवढं कळलं. त्यांनी बसल्या जागी हवेत दोन ठोके मारून दाखवले, आणि स्वरालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपण शिकलो त्याचं आज चीज झालं असं तिला वाटलं, आणि वाटण्यात काही चूक नव्हती.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. बाकीचे रस्ते एव्हाना उत्तर देऊ लागतात. मठार आळी गप्प होती. तिसऱ्या आठवड्यात स्वराली थराचा एक तुकडा कापून घेऊन गेली. भिंगाखाली झोपलेले बीजाणू जवळजवळ नव्हतेच, म्हणजे ते जागे झाले होते. पण जागे झालेले जिवाणूही कुठे दिसत नव्हते. सगळीकडे नुसती फुटकी कवचं. पाणी मिळाल्यावर जिवाणू उठले होते आणि उठल्या उठल्या मेले होते.

तिनं तांबं मोजलं. खाली, जुन्या मातीत, किसाच्या शेजारी ते होतं तेवढंच होतं. वरून खाली मात्र विरघळलेलं तांबं झिरपत गेलं होतं, रोज थोडं थोडं, पाणी जिथे जिथे गेलं तिथे तिथे.

ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आळीत पोचली. ऊन नुकतं पडलं होतं. दाराबाहेर प्रत्येक उंबऱ्याशी भांडी मांडलेली होती. हंडे, कळश्या, घंगाळी, लग्नातल्या परातीसुद्धा, चिंच-मीठ लावून लख्ख घासलेली, काठोकाठ भरलेली. सगळी तांब्याची. रंजनाकाकूंनी पदर खोचला, हंडा कमरेवर घेतला, आणि देवाच्या मूर्तीवर घालावं तसं हळूहळू पाणी रस्त्यावर सोडलं.

"ये गं, ये. बघ, एक दिवस खाडा नाही केला. गिरणीवालीनं पहिल्या दिवशी प्लास्टिकची बादली आणलेली. म्हटलं लाज वाटू दे, जिता जीव आहे, त्याला बादलीतलं घालतेस? रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यासारखं शुद्ध पाणी जगात नाही."

ते खरंच होतं. तांब्याच्या भांड्यात पाणी रात्रभर ठेवलं की अगदी थोडं तांबं त्यात उतरतं, माणसाला अपाय नाही इतकं थोडं. पण पाण्यातले जिवाणू तेवढ्यानंही मरतात. म्हणून तर ते शुद्ध. झोपलेल्या बीजाणूचं कवच तांब्याला दाद देत नाही. उठला की मात्र तो उघडा पडतो. आळीचं पाणी त्यांना उठवत होतं आणि तेच पाणी त्यांना मारत होतं. स्वरालीनं रात्रभर ठेवा म्हणून सांगितलं होतं. कशात ठेवा ते सांगितलं नव्हतं. शिकलेल्या माणसाला पाणी म्हटलं की पाणीच दिसतं, भांडं दिसत नाही.

"स्वरे," काकूंनी हंडा खाली ठेवला. "तोंड का असं? रस्ता मेला का?"

"हो काकू."

"कशानं? माझ्या पाण्यानं तर नाही ना?"

हे काकूंनी सहज विचारलं होतं, आई पोराला विचारते ना, माझ्या हातचं बाधलं का, तसं. पण विचारल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. स्वरालीला समोर खुर्ची दिसत होती, दाराशी टेकवून ठेवलेली, खुर्चीच्या हातावर रक्ताचा काळा डाग.

"नाही हो काकू," ती म्हणाली. "पाण्याचा काय संबंध? किसानं मेला. धुळीनं. मॅडम म्हणत होत्या तेच खरं झालं."

काकूंनी मोठा श्वास सोडला. "मला बाई धस्सच झालं होतं."

*

खोटं बोलायला हुशारी लागत नाही, ऐकणाऱ्याला आधीच पटलेलं असावं लागतं. मुजावरमॅडमना तर ते वर्षभर पटलेलं होतं.

"म्हणजे किसच," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं? बरं, लोकांची चूक नाही म्हणजे नियमानं दुसरी संधी मिळते. पण एक गोष्ट. कारण कीस असेल, तर मठारकाम बंद करावं लागेल. भट्ट्या, हातोडे, सगळं. रस्ता हवा की धंदा हवा, त्यांनाच विचार."

स्वरालीनं मनाशी हिशोब केला. खरं सांगितलं तर लोकांची चूक ठरते आणि रस्ता कायमचा जातो. रस्ता गेला की काका जातात, आज नाही तर पुढल्या वेळी खुर्ची कलंडेल तेव्हा. खोटं धरून ठेवलं तर धंदा जातो. धंदा म्हणजे तरी काय उरलं होतं, तिनं स्वतःला समजावलं. निम्म्या दुकानांत नवी पिढी बसतच नाही. चार-पाच वर्षांत आपोआपच बंद पडणार. आणि काकूंना ते कधी कळणार नाही, ही गोष्ट तिला सगळ्यात मोठी वाटली.

बैठक देवळातच झाली. स्वरालीला वाटलं होतं भांडणं होतील, कुणीतरी तिच्या अंगावर येईल. तसं काही झालं नाही. म्हातारे कारागीर मान खाली घालून बसले. एकानं तेवढं विचारलं, "सहा महिन्यांनी रस्ता मोठा झाला, की मग हळू हळू ठोकलं तर चालेल का गं?" तिनं "बघू" म्हटलं. "बघू" म्हणजे काय ते म्हाताऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

शेवटी रंजनाकाकू उठल्या. "मी सांगते. ह्यांना उचलून उचलून तुमच्या पोरांच्या पाठी मोडल्या. तुम्ही कधी तोंडातून ब्र काढला नाहीत, पण मला दिसतंय. ह्यांचा हातोडा मी आज कोनाड्यात ठेवते. बाकीच्यांनी आपलं आपलं बघावं."

मग बाकीच्यांना बघण्यासारखं काही राहिलं नाही.

घरी आल्यावर काकूंनी नवऱ्यासमोर बसून सावकाश ओठ हलवले. काकांना कळेना. मग त्यांचा हात हातात घेऊन त्यांनी तळहातावर बोटानं लिहिलं. काकांनी दोनदा लिहायला लावलं.

"ठोक्यानं रस्ता मरतो?" ते मोठ्यानं म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही, त्यामुळे अख्ख्या आळीनं ते ऐकलं. "माझ्या ठोक्यानं?"

काकूंनी मानेनंच हो म्हटलं. काकांनी हातोडा दोन्ही हातांनी काकूंपुढे धरला. दांडा त्यांच्या मुठीच्या आकाराचा झिजलेला होता. दुसऱ्या कुणाच्या हातात तो बसलाही नसता.

*

दुसरं विरजण लागलं. या वेळी स्वरालीनं पाण्याची जोखीम घेतली नाही. देवळापाशी प्रयोगशाळेची मोठी निळी प्लास्टिकची पिंपं आणून ठेवली, क्लोरीन काढलेल्या तयार पाण्यानं भरलेली.

"काकू, हे पाणी तयार आहे. रात्री ठेवायची गरज नाही. थेट पिंपातून घ्यायचं आणि घालायचं. दुसऱ्या कुठल्या भांड्यात नको हं."

"का गं?"

हीच ती वेळ होती. दोन शब्द पुरले असते. पण ते दोन शब्द म्हटले असते तर मागचे सगळे शब्द उघडे पडले असते. "उगाच तुम्हाला त्रास कशाला," ती म्हणाली.

"बरं बाई," काकू म्हणाल्या, आणि मायेनं तिच्या गालावरून हात फिरवला.

त्यानंतर स्वराली आळीत गेली नाही. कामं होती हे खरं, पण कामं नेहमीच असतात. खरं हे की तिला तिथली शांतता सोसत नव्हती. दुसऱ्या विरजणाच्या दिवशी ती देवळापासून आत आली होती तेव्हा तिला पावलांचा आवाज ऐकू आला होता, स्वतःच्या. या आळीत तो तिनं जन्मात ऐकला नव्हता. वरच्या मजल्यांवरून कुणी बाहेर डोकावत नव्हतं. सगळे हातोडे थांबले की कोण गेलं ते बघायला डोकावायचं असतं; आता रोजच थांबलेले, रोज कोण डोकावणार?

ती प्रयोगशाळेतल्या पडद्यावर मठार आळीच्या उत्तराची रेघ बघत राहिली. एक आठवडा, दोन आठवडे. रेघ सपाट. तिसऱ्या आठवड्यात ती जरा थरथरली, आणि स्वरालीनं टेबलावर मूठ आपटली. मग रेघ पुन्हा सपाट झाली. मुजावरमॅडम मागून येऊन उभ्या राहिल्या.

"आता तर कीस नाही," त्या म्हणाल्या. "मग कशानं?"

स्वरालीला कशानं ते माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आळीपर्यंतच्या प्रवासात तिनं सगळा हिशोब पुन्हा केला: वाण, माती, पिंपांचं पाणी. गाडीनं तिला देवळापाशी उतरवलं आणि ती चालत निघाली. संध्याकाळ होती.

आळीतल्या बायका एका रांगेत उभ्या होत्या, पिंपापासून दारांपर्यंत. पिंपातलं पाणी हातोहात पुढे जात होतं आणि उंबऱ्यांवरच्या भांड्यांत ओतलं जात होतं. तेच हंडे, त्याच कळश्या. आणखीही होती, बंद दुकानांतली न खपलेली नवी कोरी भांडीसुद्धा बाहेर आली होती. सगळी आळी तांबूस झगझगत होती. दारात लाकडी खुर्चीवर नंदूकाका बसले होते, आधीपेक्षा निम्मे झालेले, पायांवर सूज. मांडीवर हंडा घेऊन ते चिंचेच्या कोळानं तो घासत होते.

"स्वरे!" काकूंनी तिला पाहिलं. "किती दिवसांनी गं. रागावू नकोस, तू नको म्हणाली होतीस, पण त्या प्लास्टिकच्या पिंपात पाणी दिवसभर उन्हात तापतं, वास येतो त्याला. ते कसं घालणार? रात्रभर तांब्यात ठेवतो, शुद्ध करतो, मग सकाळी. त्रासाचं काय? आता हातांना दुसरं काम तरी काय आहे? तुझे काका तर ऐकतच नाहीत. म्हणाले, माझ्या ठोक्यानं मेला होता, आता माझ्याच हातानं घासून देतो. सगळी भांडी हेच घासतात."

स्वराली तिथेच पायरीवर बसली.

"का गं? अजून नाही का उठला? आता तर धूळ नाही." काकू तिच्यासमोर वाकल्या. "आता कशानं?"

मग तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, हंड्यातलं पाणी, पहिल्या वेळचं, ह्या वेळचं, मॅडमना काय सांगितलं, का सांगितलं. पुन्हा संधी नाही, हेही सांगितलं. आवाज फार नव्हता, पण आळी शांत होती, शेवटच्या दारापर्यंत ऐकू गेलं असणार. रांगेतल्या बायका हातात भांडी तशीच धरून उभ्या राहिल्या. नंदूकाका तेवढे मान खाली घालून हंडा घासत होते. स्वरालीला वाटत होतं कुणीतरी मारावं आपल्याला.

रंजनाकाकूंनी उंबऱ्यावरच्या हंड्याकडे पाहिलं.

"म्हणजे किसानं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"म्हणजे ह्यांचा हातोडा उगाच थांबला."

स्वरालीनं मानेनंच हो म्हटलं. काकू उठल्या. आत जाऊन त्यांनी कोनाड्यातून हातोडा काढला, पदरानं पुसला आणि नवऱ्याच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मांडीवरचा हंडा काढून बाजूला ठेवला. चिंचेच्या कोळानं माखलेला त्यांचा हात धरला आणि मुठीत दांडा दिला. "ठोका," त्या म्हणाल्या, ओठ मोठे करून. "ठोका हो."

काकांनी हातोड्याकडे पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे, मग पायरीवर बसलेल्या स्वरालीकडे. त्यांची मूठ दांड्यावर आपोआप आवळली, क्षणभर हात वर गेलाही. मग त्यांनी तो खाली आणला आणि हातोडा हळूच, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी, पायापाशी ठेवला.

"नको गं," ते मोठ्यानं म्हणाले, अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं. "रस्त्याला त्रास होतो."

आणि त्यांनी हंडा पुन्हा मांडीवर ओढून घेतला.